बीएमआय जुळला म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही



गेल्या वर्षी दशलक्षण पर्व आटोपल्यावर आमच्या बस्तीच्या सभागृहात आरोग्य शिबिर झालं. वजनकाट्यावर उभं राहायचं, उंची सांगायची, की यंत्रातून छोटी चिठ्ठी बाहेर यायची. चिठ्ठीवर बीएमआय. हिरवा रंग आला तर ठीक, पिवळा आला तर सांभाळा, लाल आला तर डॉक्टरांशी बोला. महिला मंडळातल्या आम्ही सगळ्याजणी रांगेत होतो आणि एकमेकींच्या चिठ्ठ्यांत डोकावत होतो. दहावीच्या निकालाला सुद्धा इतकी उत्सुकता नसेल.

माझी चिठ्ठी हिरवी आली. माझ्या मोठ्या जाऊबाईंची लाल.

मी ती चिठ्ठी घरी आणून फ्रीजवर लावली. एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण रात्री सुनांसमोर मी जाऊबाईंना म्हटलं, "तरी मी सांगत होते, दोन पोळ्या कमी खा." त्या काही बोलल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या.

चार महिन्यांनी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी रक्त तपासावं लागतं. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ निघाली. ६.५ च्या वर म्हणजे मधुमेह. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी तपासली नव्हती?" मी म्हटलं, "डॉक्टर, माझं वजन तर अगदी बरोबर आहे." ते हसले नाहीत. टेप काढून त्यांनी नर्सला माझी कंबर मोजायला सांगितली. ८८ सेंटिमीटर.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. मी बी.कॉम. झालेली बाई. आकडा आला की तो कुठून आला आणि काय सांगतो, हे पाहायची सवय. तरी या एका आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. म्हणून आज आधी हिशेब सांगते आणि मग माझं मत.

हिशेब सोपा आहे. किलोमधलं वजन घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. वर्ग म्हणजे उंची गुणिले उंची.

वजन सकाळी काही खाण्याआधी करा, हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. उंची मोजताना चप्पल काढा, अंबाडा सोडा, टाचा आणि पाठ भिंतीला लावा, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठा आडवा धरून घरातल्या कुणाला तरी पेन्सिलीने खूण करायला सांगा. खुणेपर्यंत टेपने मोजा. उंची फूट-इंचात ठाऊक असेल तर १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर आणि १ इंच म्हणजे २.५४.

माझंच उदाहरण घ्या. उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे १.५२ मीटर. १.५२ गुणिले १.५२ म्हणजे २.३१. वजन ५२ किलो. ५२ भागिले २.३१ बरोबर २२.५. झालं.

यात दोन चुका हमखास होतात. एक, वर्ग करायचा राहतो. ५२ ला नुसत्या १.५२ ने भागलं तर ३४ येतात आणि बाई घाबरून जाते. दुसरी चूक माझीच. शिबिरात मी उंची १५५ सांगितली, कारण लग्नाच्या वेळी तेवढी होती. साठीनंतर मणके दबतात, पाठ थोडी वाकते, उंची कमी होते, हे लक्षातच घेतलं नाही. त्यामुळे चिठ्ठीवर २१.६ आले होते, खरे होते २२.५. म्हणून आकडा सांगू नका, मोजा.

आता या उत्तराचं वाचन. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या कोष्टकात १८.५ पेक्षा कमी म्हणजे वजन कमी, १८.५ ते २४.९ ठीक, २५ ते २९.९ जास्त आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. पण आपल्यासाठी हे कोष्टक सैल आहे. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा सुचवल्या. ठीक म्हणजे २२.९ पर्यंत. २३ पासून जास्त वजन. २५ पासून लठ्ठपणा. मोबाइलवरच्या कित्येक ॲपमध्ये पहिलंच कोष्टक असतं. तिथे २४ ला "उत्तम" म्हणून शाबासकी मिळते, आपल्या कोष्टकात तिथे सावध व्हायचं असतं.

उलटा हिशेबही करून पाहा. माझ्या उंचीला १८.५ गुणिले २.३१ म्हणजे सुमारे ४३ किलो, आणि २३ गुणिले २.३१ म्हणजे सुमारे ५३. म्हणजे माझ्या उंचीच्या बाईचं वजन ४३ ते ५३ मध्ये कुठेही असलं तरी या मापाने ठीक. दहा किलोंची जागा आहे. तरी आपण पन्नासचे एक्कावन्न झाले की जेवणाच्या ताटावर राग काढतो.

लहान मुलांना आणि अठराच्या आतल्या मुलामुलींना हे कोष्टक लावू नका, त्यांचे वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात. गरोदर बाईला लावू नका. अंगावर सूज असेल तर लावू नका, कारण काटा पाणीही मोजतो.

हे माप कुणी काढलं हेही मी शोधलं. मला वाटलं होतं, एखादा मोठा डॉक्टर असेल. तो डॉक्टर नव्हताच. बेल्जियमचे अडोल्फ क्वेतले नावाचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. १८३० च्या दशकात त्यांनी पुष्कळ माणसांची मापं जमवली आणि मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं मांडलं. त्यांना सरासरी माणूस कसा असतो ते पाहायचं होतं, कुणाला आजार आहे की नाही हे नव्हे. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तेही मोठ्या समूहांचा अभ्यास करायला सोयीचं माप म्हणून. समूहासाठी काढलेली मोजपट्टी आपण एकेका बाईला लावतो आणि निकाल देऊन टाकतो.

आणि आता आपल्या पुण्याची गोष्ट. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघांच्या शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांच्या फोटोसकट हे छापून आलं. आकडा एक, पण एकाच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचाही अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांची कमी मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आत चरबी. हे वाचलं तेव्हा माझा २२.५ मला कळला.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या मैत्रिणींना तेरीज पत्रक आठवत असेल. सगळ्या खात्यांच्या बाकी काढायच्या, नावे आणि जमा दोन्ही बाजूंची बेरीज करायची. बेरीज जुळली नाही तर चूक नक्की आहे. पण जुळली म्हणजे चूक नाही, असं म्हणता येत नाही. आमचे सर हे फळ्यावर दर वर्षी लिहायचे. एका खात्यात जमेकडे ५०० जास्त पडले आणि दुसऱ्या खात्यात नावेकडे ५०० जास्त पडले, तर तेरीज झक्क जुळते आणि दोन्ही खाती चुकीची असतात. याला भरपाई चूक म्हणतात.

माझ्या शरीरात नेमकं हेच झालं होतं. वीस वर्षं माझं वजन ५२. मी अभिमानाने सांगायचे. पण चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात, वापरले नाहीत तर जास्तच. समजा तीन किलो स्नायू गेले आणि पोटावर तीन किलो चरबी आली. काटा म्हणेल ५२. बीएमआय म्हणेल २२.५. तेरीज जुळली. आणि पोटातली चरबी यकृताभोवती बसून साखरेचा कारभार बिघडवत राहिली.

खरं तर साक्षीदार घरातच होता. परकराची नाडी. दर दोन वर्षांनी मी नाडी लांब घालत होते आणि म्हणत होते, हल्ली नाड्या आखूड येतात. साडीचा एक गुण आहे, ती सगळं सांभाळून घेते. आपल्या सुनांच्या जीन्स खोटं बोलत नाहीत, आपल्या निऱ्या बोलतात.

म्हणून बीएमआयच्या शेजारी दुसरा आकडा लिहायचाच. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मधोमध टेप धरायचा, कपड्यावरून नाही, अंगावर. श्वास सहज सोडल्यावर मोजायचं, पोट आत ओढायचं नाही. आपल्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०. आणखी एक सोपा नियम, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझी उंची १५२, निम्मे ७६. कंबर ८८. पुढे काही सांगायला नको. आता मोठे डॉक्टरही हेच म्हणू लागले आहेत. २०२५ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्या एका नियतकालिकात तज्ज्ञ मंडळाने लिहिलं की लठ्ठपणाचं निदान नुसत्या बीएमआयवर करू नये, कंबर किंवा चरबीचं माप आणि अवयवांची तपासणी सोबत हवी.

मग बीएमआय टाकून द्यायचा का? नाही. माझं मत इथे स्पष्ट आहे. तेरीज पत्रक अपुरं आहे म्हणून कुठला व्यापारी ते करायचं सोडत नाही. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि जुळलं नाही तर शोध घ्यायला लावतं. जाऊबाईंचंच पाहा. उंची १५०, वजन ६६, म्हणजे ६६ भागिले २.२५, उत्तर २९.३. ती लाल चिठ्ठी त्यांनी गुपचूप कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बस्तीला रिक्षाने जायच्या त्या चालत जाऊ लागल्या. रक्त तपासून घेतलं. साखर ठीक निघाली, रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. गुडघे दुखतात, पण जिना चढताना आता धाप लागत नाही. त्यांना लाल रंगाने जागं केलं आणि मला हिरव्या रंगाने झोपवलं. वजन जास्त असलं तर काही बिघडत नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचं वजन त्यांच्या गुडघ्यांना आणि हृदयाला जड आहेच. मी एवढंच म्हणते, की माझ्या हिरव्या चिठ्ठीने मला त्यांना बोलायचा अधिकार दिला नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हा लेख लिहायला बसले, ती सांगते. माझ्या नणंदेची मुलगी चोवीस वर्षांची. स्थळं पाहणं चालू आहे. बायोडाटात उंची, वजन, रंग, सगळं लिहिलेलं. दिवाळीत आली तेव्हा मोबाइल दाखवून म्हणाली, "मामी, माझा सतरा आला! छान ना?" उंची १६०, वजन ४४. ४४ भागिले २.५६ म्हणजे १७.२. तिला वाटत होतं, परीक्षेत जास्त तसं यात कमी आकडा आला की पहिला नंबर. मी तिला कोष्टक दाखवलं. तिच्या उंचीला किमान ४७ किलो हवेत. केस विंचरताना फणीत पुंजके येत होते, पाळी दोन महिने चुकलेली. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बाईला १२ तरी हवं.

जेवायला बसली तर म्हणाली, "माझं एकाशन आहे." मी विचारलं, "नियम कुणाकडून घेतलास?" गप्प झाली. मग डोळे भरले. कुणीतरी बघायला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, मुलगी गोड आहे, थोडी भरलेली वाटते.

मैत्रिणींनो, आपल्या पोरी व्रताच्या नावाखाली उपाशी राहतात आणि आपण कौतुक करतो, हे मला सहन होत नाही. उपवास म्हणजे आत्म्याजवळ वसणं. कषाय कमी व्हावेत म्हणून अनशन आहे. आरशात बारीक दिसावं म्हणून केलेली उपासमार तपात मोडत नाही, त्यात तर देहाची आसक्ती आणखी वाढते. दुसरीकडे आपलं मोठ्या बायकांचं बघा. बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी जेवायचं. ते आपण रोज करू शकतो, पण त्याची मिरवणूक निघत नाही म्हणून करत नाही. रसत्यागाचंही तसंच. ज्या वारी मिठाचा त्याग, त्या वारी गोडाचा भरणा. दिवे लागायच्या आत जेवायचं म्हणून घाईघाईत पुऱ्या, भजी आणि वर शिरा. कंदमूळ खात नाही, रात्री जेवत नाही, म्हणून आपण आपोआप निरोगी, हा भ्रम मी तीस वर्षं बाळगला. धर्माने ताटात काय नको ते सांगितलं. ताटात काय हवं, ते मला बघायला हवं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ मध्ये झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी १८.७ टक्क्यांचा बीएमआय १८.५ च्या खाली निघाला आणि २४ टक्क्यांचा २५ किंवा त्याहून वर. एकाच देशात, आणि माझ्या अनुभवाने एकाच घरात, एकीला वाढायला हवं आणि दुसरीला आवरायला हवं. सगळ्यांना एकच सल्ला देऊन चालत नाही.

मी काय बदललं ते सांगते. ताटातला भात निम्मा केला, डाळ आणि उसळ दुप्पट. मुगाचं घावन, कुळथाचं पिठलं, पनीर, दूध हे आलटून पालटून. द्विदल पाळते, म्हणून ताक वेगळ्या वेळी घेते. रोज संध्याकाळी जेवणानंतर अर्धा तास चालते. आणि नातवाच्या मदतीने खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, दहादहा वेळा, कारण स्नायू नुसत्या चालण्याने परत येत नाहीत. गोळी चालू आहे. सहा महिन्यांत वजन ५२ चं ५१ झालं, एवढंच. पण कंबर ८८ ची ८४ झाली आणि साखर ६.७ वर आली. नुसता काटा पाहत बसले असते तर म्हटलं असतं, काही फरक नाही.

आणि जाऊबाईंची माफी मागितली. सुनांसमोर बोलले होते, म्हणून सुनांसमोरच मागितली. क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणतो, पण नेमकी कोणती चूक ते सांगत नाही. मी सांगितली. त्या म्हणाल्या, "बाई गं, तू दोन पोळ्या मोजत होतीस, मी तुझे चहातले दोन चमचे मोजत होते." दोघीही हसलो. आता आम्ही जोडीने चालत बस्तीला जातो.

आपला अनेकांतवाद सांगतो की कुठलीही वस्तू एका बाजूने पाहून पुरी कळत नाही. बीएमआय ही एक बाजू आहे. तिला तेवढंच मोल द्या. घरातल्या मुलीच्या बायोडाटातून वजनाची ओळ खोडा आणि दुसऱ्याच्या मुलीचं वजन विचारू नका. ती ओळ कुणी मागितलीच तर हिमोग्लोबिन विचारा म्हणावं, तेही दोन्ही बाजूंचं.

या रविवारी शिलाईच्या डब्यातला टेप काढा. एका वहीत चार आकडे लिहा, वजन, उंची, बीएमआय आणि कंबर. चाळिशी उलटली असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून त्याखाली लिहा. तारीख घाला. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. वही आपल्या कपाटात ठेवा. फ्रीजवर लावू नका, मी लावली होती.

जय जिनेंद्र.